अमेरिकेत एमएस झालं, आता पुढे काय? ओपीटी, एच-१बी आणि ग्रीन कार्डचं गणित सोप्या मराठीत

धरमपेठेतल्या वेस्ट हायकोर्ट रोडवर एक चक्कर मारा. कपड्यांची दुकानं, कॅफे, क्लासेस आणि मधूनमधून ‘स्टडी अब्रॉड’च्या पाट्या. पाटीवर जीआरई असतं, आयईएलटीएस असतं, अॅडमिशन, व्हिसा आणि एज्युकेशन लोनही असतं. पदवी हातात पडल्यावर काय, हे मात्र पाटीवर नसतं. घरातला खरा प्रश्न तर तोच असतो. बाबांचा फ्लॅट तारण ठेवून, चाळीस लाखांचं कर्ज काढून जाणारी मुलगी फक्त डिग्रीसाठी जात नाही. तिथे काही वर्षं नोकरी करून कर्ज फेडता येईल, जमलं तर तिथेच स्थिरावता येईल, असा हिशेब त्यामागे असतो.

२०२४-२५ या वर्षात अमेरिकेत भारताचे ३ लाख ६३ हजार विद्यार्थी होते. इतर कुठल्याही देशाचे इतके नव्हते. म्हणजे या रस्त्यावर गर्दी भरपूर आहे, पण रस्त्याचा नकाशा फार कमी लोकांनी नीट बघितलेला असतो. आज तोच बघूया.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. हा रस्ता म्हणजे एक मोठी परीक्षा नाही. एकामागोमाग लावलेले टायमर आहेत. कुठला टायमर कधी सुरू होतो आणि कधी संपतो हे ज्याला माहीत आहे, त्याच्या हातात थोडंफार असतं. बाकी बरंचसं नशिबावर आणि अमेरिकन सरकारच्या मूडवर.

आधी हे दोन शब्द वेगळे करा: व्हिसा आणि स्टेटस

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मुंबईच्या बांद्रा-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत दिल्यावर पासपोर्टवर जो स्टिकर लागतो, तो व्हिसा. त्याचं काम एकच, अमेरिकेच्या विमानतळावर आत जाण्याची परवानगी मागणं. भारतीय विद्यार्थ्यांना हा एफ-१ व्हिसा बहुतेक वेळा पाच वर्षांचा मिळतो.

आत गेल्यावर तुम्ही किती दिवस आणि काय करत राहू शकता, हे ठरतं स्टेटसवरून. ते दोन ठिकाणी लिहिलेलं असतं. एक म्हणजे विद्यापीठानं दिलेला आय-२० हा कागद, आणि दुसरं म्हणजे आय-९४ ही ऑनलाइन नोंद. म्हणून व्हिसा संपला तरी अमेरिकेत राहणं कायदेशीर असू शकतं, आणि व्हिसाला तीन वर्षं बाकी असूनही स्टेटस गेलेलं असू शकतं.

विद्यार्थ्यांच्या आय-९४ वर आजवर तारखेऐवजी ‘डी/एस’ असं लिहिलं जायचं, म्हणजे शिक्षण चालू आहे तोवर राहा. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकन सरकारनं हे बंद करून जास्तीत जास्त चार वर्षांची ठराविक मुदत देण्याचा प्रस्ताव मांडला. त्यामुळे सीनियरनं काय सांगितलं यावर जाऊ नका. प्रत्येक प्रवासानंतर स्वतःचा आय-९४ सरकारी साइटवर उघडून बघा.

आणखी एक. एफ-१ हा शिकून परत येणाऱ्यांचा व्हिसा आहे. मुलाखतीत ‘मला तिथेच सेटल व्हायचंय’ असं म्हटलं, की अर्ज तिथेच नाकारला जाऊ शकतो. शिकताना विचार बदलणं आणि पुढे कायदेशीर मार्गानं स्टेटस बदलणं याला मनाई नाही. पण एफ-१ च्या दारातून जाताना हा फरक माहीत हवा.

पहिला टायमर: ओपीटी

ओपीटी म्हणजे पदवीनंतर आपल्याच विषयात काम करण्याची परवानगी. मुदत १२ महिने. यासाठी कंपनी लागत नाही, लॉटरी लागत नाही. अर्ज तुम्हीच करायचा, आणि तोही अमेरिकेत असतानाच.

रीत अशी: आधी विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातला अधिकारी, ज्याला तिकडे डीएसओ म्हणतात, तो सेव्हिस या सरकारी डेटाबेसमध्ये तुमची शिफारस नोंदवतो. त्यानंतर ३० दिवसांच्या आत तुम्ही आय-७६५ हा अर्ज यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे भरता. मंजूर झाला की ईएडी हे कार्ड येतं. कार्डावरची तारीख सुरू होण्याआधी एक दिवसही काम करायचं नाही.

तारखा उदाहरणानं बघू. समजा धरमपेठेतली एक मुलगी ऑगस्ट २०२५ मध्ये कॉम्प्युटर सायन्सच्या एमएसला गेली आणि तिचा कोर्स १५ मे २०२७ ला संपतो. मग तिचं कॅलेंडर असं:

१४ फेब्रुवारी २०२७: ओपीटीचा अर्ज भरण्याची खिडकी उघडली (कोर्स संपण्याच्या ९० दिवस आधी).

१४ जुलै २०२७: खिडकी बंद (कोर्स संपल्यावर ६० दिवसांनी). अर्ज या तारखेपर्यंत खात्याकडे पोचलेला हवा. ओपीटीची सुरुवातही या तारखेच्या पुढे ढकलता येत नाही.

१ जुलै २०२७ ते ३० जून २०२८: तिनं १ जुलै ही तारीख निवडली, तर हे तिचं ओपीटीचं वर्ष.

तुम्ही म्हणाल, जुलैपर्यंत वेळ आहे तर घाई कशाला? कारण मंजुरी यायला काही आठवडे ते काही महिने लागू शकतात. जूनमध्ये अर्ज केला आणि कार्ड सप्टेंबरमध्ये आलं, तर ऑफर लेटर हातात असूनही घरी बसावं लागतं. फेब्रुवारीत खिडकी उघडली की लगेच अर्ज करणं शहाणपणाचं.

एक सापळा कोर्सच्या आतच असतो. शिकत असताना इंटर्नशिपसाठी सीपीटी नावाची परवानगी मिळते. पूर्णवेळ सीपीटी एकूण १२ महिने किंवा जास्त झाली, की त्या पदवीसाठीची ओपीटी रद्द. अकरा महिने चालतात, बारा चालत नाहीत.

अॅडमिशनच्या आधीच बघायचा नंबर

ओपीटी संपत आली की स्टेम विषयांच्या विद्यार्थ्यांना आणखी २४ महिने मिळू शकतात. स्टेम म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित. वरच्या उदाहरणातल्या मुलीला ही वाढ मिळाली तर ती ३० जून २०३० पर्यंत काम करू शकते. म्हणजे एकाऐवजी तीन वर्षं.

पण तुमचा विषय स्टेम आहे की नाही, हे कोर्सच्या नावावरून ठरत नाही. प्रत्येक कोर्सला सीआयपी कोड नावाचा एक नंबर असतो आणि तो आय-२० वर छापलेला असतो. सरकारच्या स्टेम यादीत तो नंबर असेल तरच वाढ मिळते. दोन विद्यापीठांत ‘मॅनेजमेंट’ याच नावाचे कोर्स असू शकतात, एकाचा कोड यादीत आणि दुसऱ्याचा नाही. एमबीए करणाऱ्यांनी तर हे बघायलाच हवं. अॅडमिशन घेण्याआधी विद्यापीठाला ईमेल करून कोड विचारा. कन्सल्टंटच्या ‘हो हो, स्टेमच आहे’ यावर विसंबू नका.

वाढीसाठी अजून अटी आहेत. कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी व्यवस्थेत नोंदलेली हवी. आय-९८३ या फॉर्मवर तुम्ही काय शिकणार याची योजना कंपनीला लिहून द्यावी लागते. काम पगारी हवं आणि आठवड्याला किमान २० तासांचं. अर्ज जुनं कार्ड संपायच्या आत गेला पाहिजे.

आणि हे सगळं कायमचं आहे असं धरून चालू नका. स्टेमची वाढ २००८ मध्ये १७ महिन्यांची म्हणून सुरू झाली, २०१६ मध्ये २४ महिन्यांची झाली. ती संसदेच्या कायद्यात लिहिलेली नाही, सरकारी नियमातून आली आहे. नियमानं आलेलं नियमानं जाऊही शकतं.

९० दिवसांचं घड्याळ

ओपीटीच्या वर्षात तुम्ही एकूण ९० दिवसच बेकार राहू शकता. सलग नाही, एकूण. मधल्या शनिवार-रविवारसकट. स्टेमची वाढ मिळाली की आणखी ६० दिवस जोडले जातात, म्हणजे सगळे मिळून १५०. घड्याळ ईएडीवरच्या सुरुवातीच्या तारखेपासून चालतं. नोकरी लागली की थांबतं, सुटली की तिथूनच पुढे चालू होतं.

म्हणून ओपीटीची सुरुवातीची तारीख विचार करून निवडा. ऑफर हातात असेल तर लवकरची. नसेल तर ६० दिवसांच्या मर्यादेत थोडी पुढची, म्हणजे नोकरी शोधायला तेवढेच दिवस जास्त.

नोकरी लागली तरी ती नोंदवेपर्यंत सरकारच्या लेखी तुम्ही बेकारच. ओपीटी मंजूर झाल्यावर सेव्हिप पोर्टलचं खातं उघडायचा ईमेल येतो. तिथे कंपनीचं नाव, पत्ता, तारीख भरायची. घर बदललं तर १० दिवसांत नवा पत्ता. हा ईमेल स्पॅममध्ये पडून राहिला म्हणून घड्याळ थांबत नाही.

दुसरा टायमर: एच-१बी

ओपीटीच्या पुढे राहायचं तर बहुतेकांसाठी एकच दार आहे, एच-१बी. १९९० च्या कायद्यानं आलेला हा कामगार व्हिसा. अर्ज कंपनी करते, तुम्ही नाही. दरवर्षी ६५,००० जागा, आणि अमेरिकेतून मास्टर्स किंवा त्यावरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००. नोंदणी मार्चमध्ये होते, निवड झाली तर काम १ ऑक्टोबरपासून.

आपल्या उदाहरणातल्या मुलीला स्टेमची वाढ धरून तीन मार्च मिळतात: २०२८, २०२९ आणि २०३०. वाढ नसेल तर एकच, २०२८. स्टेमच्या कोडचं खरं मोल इथे कळतं.

किती शक्यता असते? मार्च २०२५ च्या फेरीत साधारण ३ लाख ४४ हजार नोंदण्या झाल्या आणि १ लाख २० हजार निवडल्या गेल्या. म्हणजे सुमारे ३५ टक्के. याच दरानं एकच संधी असेल तर तिघांतल्या दोघांना परत यावं लागतं. तीन संधी असतील तर निदान एकदा नाव लागण्याची शक्यता ७२ टक्क्यांच्या आसपास जाते. तरीही चौघांतल्या एकाला तिन्ही वेळा ‘नॉट सिलेक्टेड’. हुशार, मेहनती, चांगल्या कंपनीतला. त्याचं काही चुकलेलं नसतं.

आता हे गणितही बदललं आहे. २०२६ च्या नोंदणीपासून सरसकट चिठ्ठ्या न टाकता पगारानुसार वजन देण्याचा नियम आला. अमेरिकेचं कामगार खातं प्रत्येक कामासाठी, प्रत्येक भागासाठी पगाराच्या चार पातळ्या ठरवतं. पहिल्या पातळीवाल्याच्या नावाची एक चिठ्ठी, दुसऱ्याच्या दोन, तिसऱ्याच्या तीन, चौथ्याच्या चार. नियम मांडताना सरकारनेच जो अंदाज दिला, त्यानुसार पहिल्या पातळीला सुमारे १५ टक्के शक्यता आणि चौथ्या पातळीला सुमारे ६१ टक्के.

फ्रेशर कुठल्या पातळीवर असतात? बहुतेक पहिल्या किंवा दुसऱ्या. १५ टक्के दरानं तीन संधी मिळाल्या तरी एकूण शक्यता ४० टक्क्यांच्या आतच राहते. दुसऱ्या पातळीवर, सुमारे ३१ टक्के धरले तर, तीच ६७ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून ऑफर घेताना फक्त पगाराचा आकडा बघू नका. तो त्या शहरात कुठल्या पातळीत बसतो ते बघा. सॅन होजेत पहिल्या पातळीचा ठरणारा पगार एखाद्या लहान शहरात दुसऱ्या पातळीचा असू शकतो.

लॉटरी टाळायचा एक रस्ता आहे. विद्यापीठं, त्यांच्याशी जोडलेल्या ना-नफा संस्था आणि सरकारी किंवा ना-नफा संशोधन संस्था यांना ही मर्यादा लागू नाही. त्या वर्षभरात कधीही एच-१बीचा अर्ज करू शकतात. पगार कमी असतो, पण संशोधनाची आवड असेल तर हा रस्ता जरूर बघा.

एक लाख डॉलरचा प्रश्न

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लावलं, तेव्हा व्हॉट्सअॅपवर एकच गोंधळ उडाला होता. ती घोषणा मुळात १२ महिन्यांसाठी होती. पुढच्या महिन्यात इमिग्रेशन खात्यानं खुलासा केला की, अमेरिकेत राहूनच एफ-१ वरून एच-१बीवर स्टेटस बदलणाऱ्यांना, तो बदल मंजूर झाला तर, हे शुल्क नाही. परदेशात बसलेल्या माणसासाठी नवा अर्ज केला तर आहे.

याचा विद्यार्थ्यांसाठी अर्थ काय? लॉटरीत नाव लागलं, कंपनीनं अर्ज भरला, आणि मंजुरी यायच्या आत बहिणीच्या लग्नाला नागपूरला आलात, तर स्टेटस बदलण्याची विनंती सोडून दिली असं धरलं जातं. मग प्रकरण ‘परदेशातून आलेला माणूस’ या खान्यात जाऊ शकतं. अशा काळात तिकीट काढण्याआधी कंपनीच्या वकिलाला विचारा. आईला वाईट वाटेल, पण आधी विचारा.

दुसरी सोय म्हणजे कॅप-गॅप. ओपीटी जूनमध्ये संपते आणि एच-१बी ऑक्टोबरमध्ये सुरू होतो, मग मधले महिने? ओपीटी चालू असतानाच स्टेटस बदलण्याचा अर्ज गेला असेल तर मधल्या काळात काम चालू ठेवता येतं. २०२५ पासून ही सोय जास्तीत जास्त १ एप्रिलपर्यंत वाढवली आहे.

एच-१बी मिळाल्यावर एकूण सहा वर्षं. नोकरी गेली तर नवी कंपनी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. ले-ऑफची बातमी आली की मराठी ग्रुपवर रेफरलचे मेसेज का सुरू होतात, ते आता कळलं असेल.

शेवटची रांग: ग्रीन कार्ड

इथे थोडा इतिहास बघायला हवा, कारण आजची रांग त्यातूनच आली आहे.

वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले. तिथे गदर चळवळीत पडले, पुढे मेक्सिकोत राहून मक्यावर संशोधन केलं, आणि आयुष्याच्या शेवटी नागपूरला आले. १९६७ मध्ये ते इथेच वारले. विदर्भातून अमेरिकेत शिकायला गेलेल्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी ते एक. त्यांच्या पिढीतल्या भारतीयाला अमेरिकेत शिकता येत होतं, पण तिथलं होऊन राहणं जवळजवळ अशक्य होतं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं भारतीयांना नागरिकत्व देता येणार नाही असा निकाल दिला. १९४६ च्या कायद्यानं दार किलकिलं झालं, तेही वर्षाला फक्त १०० भारतीयांसाठी. १९६५ च्या कायद्यानं वंशाचा निकष काढला, पण प्रत्येक देशाला कमाल मर्यादा ठेवली. १९९० मध्ये ती ७ टक्क्यांवर आली.

कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, हे ऐकायला समान वाटतं. पण नोकरीवर आधारित ग्रीन कार्ड वर्षाला साधारण १ लाख ४० हजार. मास्टर्सवाले बहुतेक ज्यात बसतात त्या ईबी-२ गटाच्या वाट्याला त्यातली ४० हजार. त्याचे ७ टक्के म्हणजे सुमारे २,८००. छोट्याशा देशालाही तीच मर्यादा आणि १४० कोटींच्या भारतालाही तीच.

परिणाम काय झाला बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये भारतीयांसाठी ईबी-२ ची तारीख होती १ जानेवारी २०१३. म्हणजे ज्यांचा नंबर त्या तारखेच्या आधी लागला होता, त्यांनाच तेव्हा ग्रीन कार्ड मिळू शकत होतं. आज रांगेत उभं राहणाऱ्यासमोर बारा-तेरा वर्षांची गर्दी आधीच आहे, आणि ती दरवर्षी फुगते.

देश कुठला धरतात? पासपोर्टचा नाही, जन्माचा. नवरा किंवा बायको दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तर तिच्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. ही तारीख दर महिन्याला व्हिसा बुलेटिन नावाच्या सरकारी पानावर येते. तुमचा नंबर ठरतो कंपनीनं पर्म हा पहिला अर्ज भरला त्या दिवसावरून. म्हणून नोकरी घेताना एक प्रश्न नक्की विचारा: ग्रीन कार्डची प्रक्रिया कधी सुरू करता? एक वर्ष उशीर म्हणजे रांगेत एक वर्ष मागे.

दिलासा एवढाच की आय-१४० हा दुसरा टप्पा मंजूर झाला की एच-१बी सहा वर्षांच्या पुढेही तीन-तीन वर्षांनी वाढवता येतो, आणि जोडीदाराला एच-४ वर काम करायची परवानगी मागता येते. म्हणजे राहता येतं, घर घेता येतं, मुलं शाळेत जातात. पण सगळं एका नोकरीच्या धाग्यावर. मूल भारतात जन्मलेलं असेल आणि रांग संपायच्या आत २१ वर्षांचं झालं, तर ते या रांगेतून बाहेर पडू शकतं. ‘सेटल झालाय’ असं आपण इकडे सहज म्हणतो, तेव्हा त्यात हेही असतं.

फोनमध्ये एवढं असू द्या

१. सगळ्या कागदांचे पीडीएफ: प्रत्येक आय-२० (जुनाही), पासपोर्ट, व्हिसा, आय-९४, ईएडी, ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा. क्लाउडवर ठेवा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. दहा वर्षांनी ग्रीन कार्डच्या वेळी पहिला आय-२० मागितला जाऊ शकतो.

२. कॅलेंडरमध्ये प्रत्येक मुदतीसाठी तीन रिमाइंडर: तीन महिने आधी, एक महिना आधी, एक आठवडा आधी.

३. सरकारी साइटच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट गव्ह’ असाच असतो. गूगलवर सर्वांत वर दिसणारी जाहिरात सरकारी असेलच असं नाही.

४. सोशल मीडिया सांभाळा. व्हिसाच्या फॉर्मवर मागच्या पाच वर्षांतली सगळी हँडल द्यावी लागतात. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसासाठी आणि डिसेंबर २०२५ पासून एच-१बी, एच-४ साठीही प्रोफाइल पब्लिक ठेवायला सांगतात. हँडल लपवणं पोस्टपेक्षा महाग पडतं.

५. नागपूरचं सिम चालू ठेवा. लोन खात्याचा, बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. सिम बंद पडलं की केवायसीसाठी बाबांना बँकेत खेटे घालावे लागतात.

६. ओपीटीवर असताना घरी येणार असाल तर आय-२० वर डीएसओची प्रवासाची सही सहा महिन्यांच्या आतली हवी. सोबत ईएडी, नोकरीचं पत्र आणि चालू व्हिसा.

७. ‘इमिग्रेशन ऑफिसर बोलतोय, ताबडतोब गिफ्ट कार्डनं पैसे भरा’ असा फोन आला तर कट करा. आपल्याकडच्या ‘डिजिटल अरेस्ट’चाच तो अमेरिकन भाऊ आहे.

कागदावरची नोकरी घेऊ नका

९० पैकी ७० दिवस संपले की मेसेज येतात: अमुक डॉलर द्या, आम्ही तुम्हाला पेरोलवर दाखवतो. मोह होतो, कारण परत गेलो तर कर्जाचं काय, हा प्रश्न रात्री झोपू देत नसतो. पण ही सरळ फसवणूक आहे, आणि पकडली गेली की पुढचा प्रत्येक व्हिसा अडकतो. एच-१बीच्या नोंदणीसाठी तुमच्याकडूनच पैसे मागणारी कंपनीही संशयास्पद समजा. तो खर्च कंपनीनं करायचा असतो.

नावापुरत्या विद्यापीठांचंही तसंच. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीवर छापा पडला तेव्हा शेकडो भारतीय विद्यार्थी अडकले, काहींच्या पायात रेडिओ टॅग बांधले गेले. २०१९ मध्ये मिशिगनमधली फार्मिंग्टन युनिव्हर्सिटी तर सरकारनेच सापळा म्हणून उघडलेली निघाली. जवळपास १३० विद्यार्थ्यांना पकडलं, त्यात बहुतेक भारतीय. वर्गात न जाता नोकरी करता येईल असं जिथे सांगतात, तिथून लांब राहा.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीही नोंदल्या जातात. २०२५ च्या एप्रिलमध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी अचानक बंद केल्या गेल्या. त्यात वाहतुकीचा साधा गुन्हा असलेलेही होते. कोर्टकचेऱ्यांनंतर नोंदी परत सुरू झाल्या, पण ते आठवडे ज्यांनी काढले त्यांनाच माहीत. दारू पिऊन गाडी चालवणं हा तर तिथे करिअर संपवण्याचा सोपा मार्ग आहे.

जाण्याआधी घरी बसून करायचं गणित

४० लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, १० वर्षांची फेड. हप्ता येतो साधारण ५५,००० रुपये. डॉलरला ९० रुपये धरले तर सुमारे ६१० डॉलर. अमेरिकेतल्या नोकरीत हा हप्ता जाणवतही नाही. नागपुरातल्या सुरुवातीच्या पगारात तो पूर्ण पगार खाऊ शकतो. म्हणजे सगळा फरक पडतो तुम्ही तिथे किती वर्षं कमावता यावर, आणि ती वर्षं तुमच्या हातात नाहीत.

म्हणून आई-बाबांसोबत तीन वेगवेगळे हिशेब मांडा. पहिला: ओपीटीचं एकच वर्ष मिळालं. दुसरा: तीन वर्षं मिळाली, लॉटरी लागली नाही. तिसरा: एच-१बी लागला. पहिल्या हिशेबात घर विकायची वेळ येत असेल तर कोर्स, विद्यापीठ किंवा कर्ज यातलं काहीतरी बदला. कमी फीचं सरकारी विद्यापीठ, असिस्टंटशिप, स्कॉलरशिप, आधी दोन वर्षं नोकरी करून बचत. स्कॉलरशिपवर जात असाल तर परत येण्याची अट आहे का ते करारात वाचा. फुलब्राइटवर जाणाऱ्यांना जे-१ व्हिसा मिळतो आणि त्यात दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते.

परत येणं हाही एक रस्ता आहे, आणि तो बंद गल्लीत जात नाही. मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आहेत. पुणे, बंगळूर, हैदराबादमध्ये अमेरिकन कंपन्यांचीच मोठी केंद्रं आहेत. अशा कंपनीत इकडे सलग एक वर्ष काम केलं की एल-१ व्हिसावर तिकडच्या ऑफिसात बदली होऊ शकते, आणि त्याला लॉटरी नाही. ओपीटीवरच्या तीन वर्षांचा अनुभव इथे पगार ठरवताना मोजला जातो.

लॉटरीत नाव न लागलेल्या मुलाला घरी परतताना एअरपोर्टवर सगळ्यात जास्त भीती वाटते ती ‘लोक काय म्हणतील’ याची. म्हणून हा लेख आई-बाबांनाही वाचायला द्या. ज्या निवडीत १०० तले ८५ मागे राहू शकतात, तिच्यात मागे राहणं म्हणजे नापास होणं नाही, हे घरच्यांना जाण्याआधीच माहीत असलं पाहिजे. बाकीच्या मुदती आजच कॅलेंडरमध्ये टाका, आणि कोर्सचा सीआयपी कोड विचारणारा ईमेल आज रात्रीच पाठवा.